उन्हात पळतो, ट्यूबखाली बसतो: डाय सोलर सेलचा घरातल्या उजेडातला बिघाड कसा शोधावा

तक्रार बहुतेक वेळा एकाच प्रकारची असते. डाय-सेन्सिटाइज्ड सोलर सेल, म्हणजे दोन काचांमध्ये डाय (रंग) चढवलेला टायटॅनियम डायऑक्साइडचा थर आणि आयोडाइडचं द्रावण असलेला सेल, गच्चीवर नेला की मीटरवर झकास आकडे येतात. तोच सेल खोलीत टेबलावर ठेवला की व्होल्टेज अर्ध्यावर, करंट जवळजवळ नाहीच, आणि त्यावर चालवायचा सेन्सर मेल्यासारखा पडलेला. बी.एस्सी. आणि इंजिनिअरिंगचे प्रोजेक्ट इथेच अडतात. तासगावकडे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात किंवा सांगलीत हळदीच्या गोदामात बिनबॅटरीचा तापमान-आर्द्रता नोंदवणारा सेन्सर लावायचे प्रयत्नही इथेच अडकतात.

बिघाड शोधण्याआधी एक हिशोब डोक्यात बसला पाहिजे. कडक उन्हात दर चौरस सेंटीमीटरवर साधारण १०० मिलिवॉट प्रकाश पडतो. २०० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) एलईडी उजेडात तोच आकडा ०.०६ मिलिवॉटच्या आसपास, म्हणजे हजारपटीहून कमी. त्यामुळे उन्हासाठी सेल सुधारायचे जे उपाय सगळीकडे वाचायला मिळतात, त्यातले निम्मे घरात बिनकामाचे आणि काही चक्क घातक ठरतात. उन्हात शत्रू असतो काचेचा आणि जोडांचा रेझिस्टन्स, घरात शत्रू असते आतली गळती. धो धो नळाखाली भोक पडलेली बादलीसुद्धा भरते, थेंब थेंब नळाखाली ती कधीच भरत नाही.

आकड्यांत बघा. चार चौरस सेंटीमीटरचा सेल २०० लक्समध्ये ६० मायक्रोअँपिअर देतो असं धरू. आत कुठेतरी १० किलोओहमची गळती असेल, तर ०.४ व्होल्टला त्यातून ४० मायक्रोअँपिअर जातात. दोन तृतीयांश कमाई तिथेच संपली. उन्हात हाच सेल ४०-५० मिलिअँपिअर देतो, तिथे हे ४० मायक्रोअँपिअर म्हणजे हजारावा हिस्सा, कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून "उन्हात चांगला चालतो" हे सेल निरोगी असल्याचं प्रमाणपत्र नव्हे.

लक्षणं

उन्हात ०.७ व्होल्ट आणि खोलीत ०.२-०.३ व्होल्ट असेल तर गळती, दुसरं सहसा काही नसतं. खोलीत व्होल्टेज ०.५ च्या आसपास आहे पण करंट मिळत नाही, तर उजेड, मोजमाप किंवा डाय यांपैकी काहीतरी चुकलंय. व्होल्टेज आणि करंट दोन्ही ठीक, तरी सर्किट सुरूच होत नाही, तर सेलला दोष देऊ नका, सर्किट तपासा. पहिले काही दिवस बरा चालून मग रोज थोडा उतरत असेल, द्रावणाचा पिवळेपणा फिका होत असेल किंवा कडेला बुडबुडा दिसत असेल, तर सील गेलंय. पावसाळ्यात बनवलेली अख्खी बॅच कमजोर निघाली तर ओलावा.

ताडून बघायला आकडे: एन-७१९ डाय (प्रयोगशाळेत नेहमी वापरला जाणारा रुथेनियमचा डाय), आयोडाइडचं द्रावण, चार चौरस सेंटीमीटर, २०० लक्स पांढरा एलईडी, यावर उघडं व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारं) ०.४८ ते ०.५५ आणि शॉर्ट सर्किट करंट ४० ते ७० मायक्रोअँपिअर मिळाला तर सेल ठणठणीत आहे. १००० लक्सला करंट साधारण पाचपट होतो, व्होल्टेज मात्र ४०-५० मिलिव्होल्टच वाढतं. फळाफुलांचा डाय असेल तर करंटच्या पाचव्या ते दहाव्या हिश्श्यावर समाधान मानावं लागतं.

फुकटातल्या तपासण्या

आधी उजेड मोजा. खोली उजळ दिसते म्हणून उजेड पुरेसा आहे असं नसतं, डोळा फार लवकर सरावतो. ट्यूबखालच्या टेबलावर १५० ते ३०० लक्स असतात, पण सेल भिंतीवर उभा लावला की तेवढ्याच खोलीत निम्म्याहून कमी मिळतात. मोबाइलचं लक्स अॅप अंदाजापुरतं ठीक. त्याचा सेन्सर समोरच्या कॅमेऱ्याजवळ असतो, त्यामुळे फोन सेलच्या जागी, सेलच्याच कोनात धरा. साधा लक्समीटर मिळाला तर उत्तम. खिडकी बंद करा, पडदा ओढा. दुपारी दीड वाजता उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेडसुद्धा ट्यूबला सहज मागे टाकतो, आणि मग दुपारचे आणि रात्रीचे आकडे जुळत नाहीत म्हणून लोक सेल उघडून बसतात. रोजच्या तुलनेसाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात एकच एलईडी बल्ब ठरावीक उंचीवर लावून ठेवा. जुन्या कॅल्क्युलेटरची सोलर पट्टी शेजारी ठेवली की सोबत एक संदर्भही मिळतो. पट्टीचा करंट कालइतकाच आणि सेलचा कमी, तर दोष सेलचा.

काच पुसा. हे हसण्यावारी नेऊ नका, विशेषतः हळदीच्या गोदामात. हळदीतलं कर्क्युमिन ४२० ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं, आणि पांढऱ्या एलईडीचा निळा उंचवटा नेमका ४५० च्या जवळ असतो. काचेवर हळदीची धूळ बसली की सेलच्या तोंडचा घासच जातो. ओल्या सुती फडक्याने पुसा, कडेच्या सीलला स्पिरिट लागू देऊ नका.

मग मीटर आणि लोड. उन्हातली सवय म्हणून १०० ओहमचा रेझिस्टर लावला जातो. त्यावर ६० मायक्रोअँपिअरने पडणारं व्होल्टेज ६ मिलिव्होल्ट, म्हणजे काही दिसणारच नाही. घरातल्या उजेडात अशा सेलचा सर्वोत्तम लोड ८ किलोओहमच्या आसपास असतो. ५० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, म्हणजेच पॉट) लावून फिरवत जा, प्रत्येक जागी व्होल्टेज मोजा, नंतर पॉट सोडवून त्याचा रेझिस्टन्स मोजा. व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, सर्वात मोठा येईल ती खरी ताकद. करंट थेट मोजताना लक्षात ठेवा की स्वस्त मीटरच्या २०० मायक्रोअँपिअर रेंजमध्ये आत साधारण एक किलोओहम असतो. आणि दर वेळी आकडा स्थिर व्हायला दहा-पंधरा सेकंद द्या, कमी उजेडात हे सेल मंद असतात.

हाताने झाकून बघा

सगळ्यात उपयोगी तपासणी हीच, आणि तिला एक पैसा लागत नाही. मीटर व्होल्टवर लावा, सेल उजेडात स्थिर होऊ द्या, मग काळ्या कापडाने एकदम झाका. चांगल्या सेलचं व्होल्टेज रेंगाळत उतरतं, अर्ध्यावर यायला कित्येक सेकंद घेतं. गळका सेल झाकताक्षणी खाली कोसळतो. कारण सोपं आहे: उजेडात टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरात साठलेले इलेक्ट्रॉन बाहेर वाट नसली की आतच कुठेतरी जिरतात. ते किती लवकर जिरतात तेच तुम्हाला दिसतंय.

कोसळला तर पुढचं माप. सेल पूर्ण अंधारात ठेवा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल आणि पोटेन्शिओमीटर वापरून त्यावर ५० मिलिव्होल्ट द्या आणि करंट बघा. एक मायक्रोअँपिअर म्हणजे ५० किलोओहम, चार चौरस सेंटीमीटरच्या सेलला एवढं चालतं. पाच मायक्रोअँपिअर म्हणजे १० किलोओहम, घरासाठी असा सेल बाद. मग ०.४ व्होल्ट द्या, धन टोक काउंटर इलेक्ट्रोडला (डाय नसलेल्या काचेला). अंधारातला हा करंट उजेडातल्या करंटच्या सहाव्या हिश्श्याहून जास्त असेल तर गळती आहेच. मीटरच्या ओहम रेंजने हे मोजायच्या फंदात पडू नका. मीटर स्वतःचं व्होल्टेज लावतो आणि आकडा नुसता सरकत राहतो.

५० मिलिव्होल्टला आणि उलट्या दिशेने सारखीच, सरळ रेषेत गळती दिसली तर दोन्ही काचा कुठेतरी टेकल्यात, किंवा कडेला द्रावण सांडून बाहेरून पूल झालाय. कडा कोरड्या पुसून पुन्हा मोजा, कित्येक सेल एवढ्यावर बरे होतात. क्लिपांनी दाबलेला सेल असेल तर क्लिप जरा सैल करून बघा. उलट्या दिशेने गळती नाही पण ०.४ व्होल्टला भरपूर, तर दोष उघड्या एफटीओ काचेवर (डायच्या थराखालच्या, वीज वाहणारा लेप असलेल्या काचेवर) आहे. त्याकडे शेवटी येऊ.

सर्किट

सेल चांगला ठरला तर इथे या, सेल उघडण्याआधी. बूस्ट कन्व्हर्टर (सेलचं कमी व्होल्टेज वाढवून देणारं सर्किट) चालू राहायला कमी व्होल्टेज पुरतं, पण रिकाम्या कपॅसिटरवरून पहिल्यांदा सुरू व्हायला जास्त लागतं. बीक्यू-२५५७० या लोकप्रिय चिपला थंड सुरुवातीला साधारण ०.६ व्होल्ट लागतात. तुमचा एकटा सेल ट्यूबखाली ०.५ देतो. म्हणजे तो जन्मात सुरू होणार नाही, आणि उन्हात नेला की लगेच होतो, की मग संशय पुन्हा सेलवर! दोन सेल सिरीजमध्ये लावा. किंवा एईएम-१०९४१ सारखी चिप घ्या, तिला ०.३८ व्होल्ट आणि ३ मायक्रोवॉट पुरतात. सिरीज केल्यावर सगळ्यात कमजोर सेल सगळ्यांचा करंट अडवतो, तेव्हा जुळणारे सेल निवडून लावा आणि सगळ्यांवर सारखा उजेड पडतोय ना ते बघा.

बीक्यू-२५५७० उघड्या व्होल्टेजचा नमुना दर १६ सेकंदांनी पाव सेकंदच घेते. २०० लक्सला डाय सेल तेवढ्या वेळात पूर्ण चढत नाही असं दिसलं, तर चिप खालच्या व्होल्टेजवर बसते आणि ताकद वाया जाते. ऑसिलोस्कोपवर हे स्पष्ट दिसतं. सेल उघड्या व्होल्टेजच्या किती टक्क्यांवर चालवायचा हे प्रमाण ८० टक्क्यांवर ठेवा, ५० वर ठेवलेला बोर्ड सेलची बरीच कमाई टाकून देतो.

मॉड्यूलवरचा पॉवर एलईडी काढला का? तो एकटाच तुमच्या सेलच्या दहापट खातो. साठवणीला हजार मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक लावला असेल तर त्याच्या डेटाशीटमध्ये दहापासून शंभर मायक्रोअँपिअरपर्यंत गळती मान्य धरलेली असते, म्हणजे सेल कमावतो तेवढं कपॅसिटरच खातो. कमी गळतीचा सुपरकपॅसिटर घ्या आणि पहिल्यांदा तो बाहेरून काही तास भरून ठेवा, नवा असताना त्याची गळती जास्त असते.

आणि मुळात हिशोब जमतो का तेही बघा. २० चौरस सेंटीमीटर, २०० लक्स, दहा टक्के कार्यक्षमता: १२० मायक्रोवॉट. आठ तास दिवा लागला तर साडेतीन ज्यूलच्या आत, कन्व्हर्टरचं नुकसान वजा जाता अडीच. सेन्सर झोपेत ३ व्होल्टला ५ मायक्रोअँपिअर घेत असेल तर चोवीस तासांत १.३ ज्यूल तिथेच गेले. कोल्ड स्टोरेजच्या आतल्या खोलीत दिवा दिवसातून अर्धा तास लागतो. तिथे कितीही चांगला सेल लावा, भागणार नाही. सेल बाहेरच्या ऑफिसात लावून वायर आत न्या.

आता सेल नव्याने बनवायचा

इथून पुढे पैसे आणि दिवस लागतात, म्हणून वरचं सगळं झाल्याशिवाय येऊ नका.

काच एफटीओचीच आहे ना? आयटीओ काच (तिच्यावरचा वाहक लेप वेगळा असतो) ४५० अंशांना भाजली की तिचा रेझिस्टन्स चढतो. धुताना शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरा. सांगलीच्या कालव्याखालच्या पट्ट्यात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं आहे, वाळल्यावर काचेवर जो पांढरट डाग राहतो त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडची पेस्ट धरत नाही आणि नंतर तिथूनच थर सुटतो. साबण, डिस्टिल्ड पाणी, इथेनॉल, आणि मग काच कडेने धरायची.

थर पातळ ठेवा. उन्हासाठी लोक टेपचे दोन-दोन थर लावून जाड पेस्ट ओढतात. घरच्या उजेडाला भाजल्यानंतर ६ ते १० मायक्रोमीटर पुरे, टेपच्या एका थरात साधारण तेवढंच येतं. जाड थराने करंट फारसा वाढत नाही, कारण एलईडीत ७०० नॅनोमीटरच्या पलीकडे पकडायला काही नसतंच. गळायला पृष्ठभाग मात्र वाढतो, आणि व्होल्टेज उतरतं. ४५० अंशांवर अर्धा तास भाजा, चढ हळूहळू द्या. पेस्टमधला बाइंडर (कण धरून ठेवणारा पदार्थ) जळताना थर आधी तपकिरी होतो आणि मग पुन्हा पांढरा. तपकिरी झाक राहिली तर भाजणं अपुरं आहे. मध्येच वीज गेली तर तोच नमुना पुन्हा पूर्ण भाजा, अर्धवट भाजलेल्यावर डाय लावू नका.

डायमध्ये बुडवायची वेळ महत्त्वाची. भट्टीतून काढलेला थर ८० अंशांच्या आसपास गरम असतानाच डायमध्ये सोडा. पूर्ण थंड होऊ दिला तर छिद्रांत हवेतलं पाणी बसतं आणि डायला जागा उरत नाही. महाबळेश्वर-पाचगणीकडे जुलैत किंवा कराडला भर पावसात बनवलेली बॅच कमजोर निघते ती बहुधा यामुळे. एन-७१९ असेल तर इथेनॉलमध्ये ०.३ ते ०.५ मिलिमोलर, १६ ते २४ तास, अंधारात, झाकण घट्ट. नंतर इथेनॉलने खंगाळा, सुटा डाय आत राहिला तर तो नुसता प्रकाश अडवतो.

नैसर्गिक डाय वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण साताऱ्याकडचे बरेच प्रोजेक्ट तिच्यापायी फसतात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हाताशी असते, लालभडक असते, म्हणून तीच घेतली जाते. पण स्ट्रॉबेरीतलं मुख्य रंगद्रव्य पेलार्गोनिडिनचं आहे, आणि त्याच्या ज्या कड्याने टायटॅनियमला पकडायचं त्यावर हायड्रॉक्सिल गट एकच असतो. पकड घट्ट बसायला शेजारी-शेजारी दोन लागतात. ते सायनिडिन आणि डेल्फिनिडिनमध्ये आहेत, म्हणजे कोकम, डाळिंब, जांभूळ. तेव्हा स्ट्रॉबेरी खा आणि सेलला जांभळाची साल वापरा. साल म्हणजे सालच, गर नको: गरातली साखर छिद्रं बुजवते. साल इथेनॉलमध्ये भिजवून गाळा आणि लिंबाच्या सत्वाने जरा आंबट ठेवा. थर धुतल्यावर रंग निघून गेला तर डाय चिकटलाच नव्हता. हळदीचा डाय पकडतो बरा आणि एलईडीचा निळा भाग खातोही, पण प्रकाशात लवकर विटतो. प्रदर्शनापुरता ठीक.

द्रावणात आयोडीन कमी करा. उन्हासाठीच्या कृतीत ०.०५ मोलर आयोडीन असतं, कारण तिथे मोठा करंट वाहून न्यायचा असतो. घरात तेवढं लागत नाही. उलट आयोडीनपासून द्रावणात बनणारं ट्रायआयोडाइड निळा प्रकाश स्वतः खातं आणि इलेक्ट्रॉनही गिळतं. ०.०१ ते ०.०२ मोलरवर आणा, सोबत ०.५ मोलर टर्ट-ब्युटिलपिरिडिन ठेवा, व्होल्टेज सावरतं. द्रावक अॅसिटोनायट्राइलऐवजी ३-मेथॉक्सीप्रोपियोनायट्राइल घ्या. पहिलं ८२ अंशांना उकळतं, दुसरं १६० च्या पुढे. दुसरं घट्टसर आहे, उन्हात त्याने करंट अडला असता. इथे अडत नाही, आणि एप्रिल-मेच्या पत्र्याखालच्या उन्हाळ्यात सेल टिकतो.

करंट गोळा करायला काचेवर दिलेल्या चांदीच्या रेघा काढून टाका. २० चौरस सेंटीमीटरच्या सेलमध्ये ३०० मायक्रोअँपिअर १० ओहममधून गेले तरी तोटा ३ मिलिव्होल्टचा. एवढ्यासाठी आत चांदी घालायची आणि ती आयोडीनला खाऊ द्यायची, हा व्यवहार तोट्याचा. तांब्याची टेपसुद्धा सीलच्या बाहेरच ठेवा.

सील एपॉक्सीने किंवा इन्स्टंट गमने केलेलं असेल तर द्रावक त्याला आतून पोखरतो. २५ किंवा ६० मायक्रोमीटरची सर्लिनची (गरम केल्यावर चिकटणाऱ्या प्लास्टिकची) फ्रेम ११० अंशांच्या आसपास गरम दाबून बसवा, भरायच्या भोकावरही सर्लिन आणि वर पातळ काच. एपॉक्सी लावायचंच तर बाहेरून, दुसरा थर म्हणून.

उघडी काच झाका

अंधारातली गळती एवढं करूनही राहिली तर कारण सच्छिद्र थराखालची काच. द्रावण छिद्रांतून खाली जाऊन एफटीओला भिडतं आणि इलेक्ट्रॉन परत घेतं. उन्हात हे खपतं, घरात नाही. उपाय म्हणजे पेस्टच्या आधी टायटॅनियम डायऑक्साइडचा सलग, पातळ आडथर. नेहमीची पद्धत टायटॅनियम टेट्राक्लोराइडच्या ४० मिलिमोलर द्रावणात ७० अंशांवर अर्धा तास काच ठेवायची, धुवायची, ५०० अंशांवर भाजायची.

हे घरी करायचं नाही. कॉलेजच्या साध्या टेबलावरही नाही. शुद्ध टायटॅनियम टेट्राक्लोराइडची बाटली दमट हवेत उघडली की हायड्रोजन क्लोराइडचा पांढरा धूर उठतो आणि पाण्याशी गाठ पडली की ते उसळतं. चालू फ्यूम हूड, बर्फ, हातमोजे आणि आधी हे केलेला रसायनशास्त्राचा माणूस, एवढं असेल तरच. गरम प्लेटवर इथेनॉलमधून फवारायची दुसरी पद्धत आहे, तिला आगीचा धोका आहे, तीही हूडमध्येच.

थांबायच्या आणखी जागा आहेत. आडथर देऊनही गळती गेली नाही, तर इम्पीडन्स (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला सेलचा विरोध) मोजल्याशिवाय ती काचेवर आहे की थरात हे कळत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणच्या प्रयोगशाळेकडे जा, अंदाजाने सहावा सेल बनवू नका. एका सेलवर ०.८ व्होल्टच्या वर हवे असतील तर आयोडीन सोडून तांब्याच्या संयुगांचं द्रावण आणि त्याला जुळणारे सेंद्रिय डाय लागतात. २०१७ मध्ये अशा सेलने १००० लक्सला २८.९ टक्के गाठले, २०२१ मध्ये ३४.५. पण हे डाय बनवणं हे संश्लेषण करणाऱ्यांचं काम. आणि गोदामात पन्नास सेन्सर लावायचे असतील तर सेल बनवूच नका, रिको किंवा एक्सेगर यांसारख्या कंपन्यांचे तयार सेल मागवा.

प्रयोगशाळेत जाताना एकाच बॅचचे दोन सेल न्या, एक चांगला, एक बिघडलेला, दोन्ही काळ्या कागदात गुंडाळून. सोबत अंधारातल्या करंटचे आकडे, २०० आणि १००० लक्सची मापं, द्रावणाची कृती आणि भरल्याची तारीख लिहून द्या. उरलेलं आयोडाइडचं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, काचेच्या बाटलीत चिठ्ठी लावून त्यांच्याच रासायनिक कचऱ्यात घेतात का विचारा.